पुढचं चंद्रीचं

आमच्या घरात दिवस उगवायचा तो जात्यानं. आधी खुंटा ठोकल्याचे दोन-तीन आवाज, मग दगडावर दगड फिरल्याची घरघर, आणि ती घरघर एका लयीला लागली की मायचा आवाज. बारीक, वरच्या पट्टीतला. माय ओवीची पहिली ओळ म्हणायची आणि सोडून द्यायची. तिच्यासमोर, त्याच खुंट्याला हात लावून, चंद्राकाकी बसलेली असायची. दुसरी ओळ तिची. काकीचा आवाज रुंद, खालचा, जरासा घोगरा. गोधडीत पडल्या पडल्या मला कितीतरी दिवस वाटायचं की ही एकच बाई गाते आणि अर्ध्यात तिचा आवाज बदलतो. माय सोडायची आणि काकी धरायची, त्यात सुईच्या नेढ्याएवढीसुद्धा फट नसायची.

माझी माय गयाबाई ही थोरली, चंद्रभागा धाकटी. दोघी सख्ख्या जावा. आमचं गाव केदारखेड्याहून हसनाबादकडं जाताना ओढ्याच्या काठाला. आज्यापर्यंत आमच्यात नुसती मेंढरंच होती, मग थोडी जमीन झाली. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते शेतीकडं वळले आणि किसनकाका मेंढरांमागंच राहिले. अण्णा ज्वारी आणायचे, काका दूध आणि लोकर आणायचे, आणि ते सगळं एका चुलीवर रांधलं जायचं. दळून झालं की माय भाकऱ्या थापायची आणि काकी भाजायची. तव्यावरची पहिली भाकरी आम्हा पोरींची. तिच्यावर कच्चं तेल, तिखट, मीठ घालून काकी ती हातानंच चुरगाळून द्यायची. वर कधी जवसाची चटणी, कधी अंबाडीची भाजी. पुढं मी परतूरला नांदायला गेले, बरंचसं खाल्लं-प्यालं, पण त्या चुरगाळलेल्या भाकरीची चव काही परत जिभेवर आली नाही. आता डॉक्टरनं तेल आणि मीठ दोन्ही बंद केलंय, म्हणजे तो प्रश्नच मिटला.

त्या दोघींच्या ओव्यांमधली एक माझी फार लाडकी होती. माय म्हणायची, "शेजी मला पुसते गं, तुझं माहेर केवढं?" आणि काकी म्हणायची, "दारी वाढलेला निंब, त्याच्या सावलीएवढं." मी एकदा काकीला विचारलं की सावली तर दुपारी एवढीशी होते, मग माहेरही लहान होतं का? काकी म्हणाली, "व्हय तं! भर संसारात माहेर एवढुसंच दिसतं. दिवस कलू दे, मंग बघ कसं अंगणभर होतं." मला तेव्हा काही कळलं नाही. आता कळून काय उपयोग, पण कळतं.

ओढ्याच्या कडेला शेराच्या झुडपांचं दाट कुंपण होतं. त्यात कुंभारकावळ्याची जोडी राहायची. शहाणी माणसं त्याला भारद्वाज म्हणतात. काळं अंग, विटकरी पंख, डोळे लालभडक. उडायचा कंटाळा, कुंपणाखालून मामलेदारासारखं चालत जाणार. दळण संपत आलं की यांचं सुरू व्हायचं. कुप-कुप-कुप-कुप. मला तेही एकच पाखरू वाटायचं. एका सकाळी मायनं मला कुंपणापाशी नेऊन दाखवलं. एक शेरात आणि दुसरं पलीकडं बोरीवर. एकानं आवाज टाकला आणि तो थांबला, की दुसऱ्यानं त्याच दमात उचलला, पण खालच्या सुरात.

"ते घोगरं कोन हाय?" मी विचारलं.

"ती मादी. बघ की, अंगानंबी मोठी हाय. आपल्या चंद्रीवानी," माय म्हणाली आणि स्वतःच हसली.

"मंग पहिलं पाखरू थांबतं कामून? त्याला पुढचं येत न्हाई?"

"येत असंल. पन दुसऱ्याची जागा ठिवावी लागती न् बाई. समदं एकट्यानंच म्हनलं तं दुसऱ्यानं काय करावं?"

ही गोष्ट मी विसरून गेले. पोरांना काय, पाखरू उडालं की गोष्ट संपली.

मी अकराएक वर्षांची असेन तेव्हाची ही गोष्ट. ज्वारी हुरड्यात आली होती. एका दुपारी काकांचा डोळा लागला आणि मेंढरं सरळ अण्णांच्या ज्वारीत शिरली. आता जमीन एकाच घराची, मेंढरं एकाच घरची. पण ज्यानं पेरलं त्याचा जीव धाटात अडकलेला असतो आणि ज्यानं राखलं त्याचा मेंढरात. अण्णांनी काठी टाकली ती एका गाभण मेंढीला लागली. मेंढी वाचली, घर काही वाचलं नाही. दोघं भाऊ रानातून भांडतच आले. "तुह्या मेंढरांनी माह्यं वरीस खाल्लं," हे म्हणाले. "तुह्या ज्वारीपायी मुकं जितराब मारतो का?" ते म्हणाले. बाया मधे पडायला गेल्या, तर नवऱ्याची बाजू घेता घेता त्यांचीच जुंपली. माय काकीला म्हणाली, "तुह्या नवऱ्याला झोपायला रान कशाला लागतं, घरी खाट न्हाई का?" काकी म्हणाली, "बाई, तुमच्या हातची भाकर आता माह्या घशाखाली उतरायची न्हाई." झालं. एवढ्या दोन वाक्यांवर बारा वर्षांचं दळण थांबलं.

वाटणी झाली. अंगणात मातीची भिंत उठली. तवे, कढया, गोधड्या, दाव्यांपर्यंत सगळं वाटून झालं आणि जातं उरलं. अण्णा म्हणाले, जातं जुनं आहे, थोरल्याच्या घरी राहू द्या. काकांचं डोकं फिरलेलंच होतं.

"न्हाई म्हंजी बिलकुल न्हाई! निम्मं म्हंजी बराबर निम्मं!"

"मंग ने की वरचा दगड! बघू तू कशावर दळतो ते!"

"नेतोच! बघू तुमीबी कशानं दळता ते!"

आणि खरंच, शपथ घेऊन सांगते, काकांनी खुंट्यासकट वरचा दगड काढला आणि आपल्या अंगणात नेऊन टाकला. खालचा आमच्या ओसरीत रुतवलेला होता, तो राहिला. वाटणीला बसलेले पंच तोंडावर उपरणं धरून हसले. म्हणाले, यांनी चपला वाटल्या असत्या तर एकेक घेतली असती. आमच्या घराण्याला अक्कल कमी नव्हती, पण राग आला की ती मेंढरांमागं चरायला जायची.

मग खालच्या दगडावर आमची पाण्याची घागर बसली. वरच्या दगडाच्या भोकातून दावं ओवून काकीनं त्याला शेळी बांधली. दोन्ही घरचं दळण हसनाबादच्या गिरणीत जाऊ लागलं. डोक्यावर पाटी घेऊन जायचं काम माझं. गिरणीचं इंजिन पुक-पुक करत असायचं, पीठ गरम यायचं, आणि माय रोज भाकरी थापताना म्हणायची, "जळालं मेलं पीठ, कडा फाटून राह्यल्या." माझी थोरली बहीण शांताक्का हळूच म्हणायची की पीठ तेच आहे, थापणारीचा हात चिडलाय.

सकाळी आता घर मुकं असायचं. उठल्यावर काय करावं तेच कळायचं नाही. त्या मुक्या सकाळी ओढ्यावरची ती जोडी मात्र वेळ झाली की सुरू. एकदा मायनं अंगणातून ढेकूळ उचललं आणि कुंपणाकडं भिरकावलं. "ह्यांनाच काय सुख लागलं मेल्यांना!" आवाज बंद झाला. माय तशीच उभी राहिली. जरा वेळानं पुन्हा एकानं कुप-कुप केलं, दुसऱ्यानं धरलं. तेव्हा माय पदरानं डोळे पुसत आत गेली आणि मला म्हणाली की डोळ्यात माती गेली. तिला काकीची आठवण येत होती, दुसरं काही नाही. मला दिसत होतं. पण त्या घरात खरं बोलायची सोयच राहिली नव्हती.

एका दुपारी ती सुपात ज्वारी निवडत होती आणि नकळत तिच्या तोंडून ओवी निघाली. "शेजी मला पुसते गं, तुझं माहेर केवढं..." आणि थांबली.

"माय, म्हन ना पुढचं."

"पुढचं चंद्रीचं."

"आगं पन ती न्हाई इथं. तूच म्हन. येत न्हाई का तुला?"

"पुढचं चंद्रीचं हाय म्हनलं ना! ऊठ, जल्दी पानी आन जा."

त्यावरून मी पक्कं ठरवून टाकलं की मायला अर्ध्याच ओव्या येतात. भिंतीपलीकडं काकी लोकर पिंजताना गुणगुणायची, तेही मी कान लावून ऐकलं. ती नुसत्या दुसऱ्या ओळी म्हणायची, मधे थांबून थांबून. म्हणजे ओव्यांचीसुद्धा वाटणी झाली, असं मी शांताक्काला सांगितलं. ती हसली नाही. तिचं लग्न ठरलं होतं, जाफराबादकडचं स्थळ.

आमच्यात नवरीची हळद घरच्याच जात्यावर दळायची. खुंट्याला आंब्याचं पान आणि सुपारी बांधायची, आणि पहिली मूठ घरातल्या दोन बायांनी समोरासमोर बसून दळायची, ओव्या म्हणत. अण्णा म्हणाले, शेजारच्या धुरपताबाईच्या जात्यावर दळून घेऊ, नाहीतर भोकरदनच्या बाजारातून तयार हळद आणू, काय फरक पडतो. शांताक्का कधी बापासमोर मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"अण्णा, माय आन काकीनं दळली तं मी हळद लावून घेईन. न्हाई तं कोरीच उभी राहीन."

"आन वऱ्हाडाला काय सांगू?"

"सांगा की आमी जातं वाटून घेतलं."

अण्णांचं तोंड असं झालं की बघवेना. एवढं म्हणून ती चुलीपाशी जाऊन बसली आणि दोन दिवस जेमतेम जेवली. कोरी नवरी सासरी गेली तर तिकडच्या बाया जन्मभर टोमणे मारणार, हे मायला ठाऊक होतं. पण आवतन देताना थोरलीनं स्वतः जाऊन धाकटीच्या कपाळाला कुंकू लावायचं असतं, आणि तेच मायकडून होईना. दोनदा करंडा घेऊन भिंतीपर्यंत गेली, दोनदा परत आली. हळदीच्या सकाळी अंगणात बाया जमल्या, तेव्हा मला म्हणाली, "सुमे, जा, तिच्याकडून दगड आन. म्हनावं हळदीपुरता पाह्यजे."

मी गेले. काकी शेळीला पाला टाकत होती. नवं लुगडं नेसलेली होती, ते मी पाहिलं.

"कुंकू लावाया आलीस का दगड न्यायला?"

"दगड न्यायला."

"मंग ने."

मी दगडाला हात लावला. तो कुठला हलतोय! काका मेंढरं घेऊन रानात गेलेले. मग काकीनंच शेळी सोडली, दगड राखेनं घासून घासून धुतला, आणि आतून मुसळ आणून दगडाच्या तोंडातून घातलं. "धर तिकडून. मी उंबऱ्यापस्तोर येते. आत यायची न्हाई." एका टोकाला मी, एका टोकाला ती, आणि मधे तो दगड हेलकावे खात. मागून शेळी ओरडत आली, तिला वाटलं आपलंच काहीतरी घेऊन चालले. उंबऱ्याशी आल्यावर धुरपताबाई पुढं झाली आणि तिनं माझ्या हातातून ते टोक घेतलं. पण दगड बसवायचा कसा ते काकीलाच ठाऊक. ती आत आली, दगड खिळीवर बसवला, खुंटा ठोकला आणि मायकडं न बघता परत उंबऱ्याबाहेर जाऊन शेळीचा कान धरून उभी राहिली. जायचं तर जाईना, यायचं तर येईना.

माय जात्यापाशी बसली. समोर धुरपताबाई. पण दोघींचे हात काही जमेनात. एक ओढायची तेव्हा दुसरी ढकलायची, दगड कुथायला लागला. शांताक्का भिंतीला टेकून, तोंड दुसरीकडं करून बसली होती. बाया म्हणाल्या, म्हणा ओवी. मायनं खाकरून लावली.

"शेजी मला पुसते गं, तुझं माहेर केवढं..."

धुरपताबाई बघत राहिली. तिला कुठून येणार? जातं थांबलं. आणि मग मायनं पुढची ओळ स्वतःच म्हटली.

"पानी साठवून ठिवलं, त्या रांजनाएवढं."

एक बाई खुदकन हसली. आणि उंबऱ्यातून असा आवाज आला की शेळीसुद्धा दचकली.

"रांजन? बाई, रांजन? आवं, लेकीच्या माहेराला रांजन म्हन्तेत का कुनी? लाज हाय का न्हाई? निंब हाय तो, निंब! दारचा!"

माय मान खाली घालून म्हणाली, "मला काय ठावं? पुढचं तुह्यं हाय."

"मंग माह्यं मला म्हनू द्या की!" काकीनं शेळीचा कान सोडला, तरातरा आत आली, धुरपताबाईला "सरक गं" म्हणाली आणि बसली. मायनं करंड्यात बोट घातलं आणि काकीच्या कपाळाला कुंकू लावलं, एवढं मोठं की नाकावर सांडलं. दोघींनी खुंट्याला हात घातले. पहिल्याच फेऱ्याला दगड अशा लयीला लागला, जशी काही मधे एक सकाळसुद्धा गेली नव्हती.

"दारी वाढलेला निंब, त्याच्या सावलीएवढं."

शांताक्का ओक्साबोक्शी रडली. मीही रडले. धुरपताबाई कारण नसताना रडली. मग माय-काकीनं जे बोलायचं राहिलं होतं ते ओव्यांतूनच काढलं. मायनं लावलं, "मेंढरं शिरली ज्वारीत, धाटं पडली बांधावर." बाया एकमेकींकडं बघू लागल्या. काकीनं दगडाचा एक फेरा जाऊ दिला आणि म्हणाली, "मुक्या जितराबाला बाई, बांध कळंल कुठवर?" मायनं मान हलवली. तेवढ्यात त्यांचा निवाडा झाला. शेवटची ओवी हळदीची होती. माय म्हणाली, "हळद दळाया बसल्या, दोघी जावा समोरी." काकी म्हणाली, "पिवळं झालं गं अंगण, लेक निघाली सासरी." आमची शांताक्का पिवळीधमक होऊन गेली. कोरी गेली नाही.

सगळं गोड झालं असं नाही. अण्णा आणि काका त्यानंतरही पुढं तीन वर्षं बोलले नाहीत. भिंत तशीच राहिली. फक्त दुसऱ्या दिवशी त्या दोघींनी कुदळीनं भिंतीत एक बाई अंग चोरून जाईल एवढी वाट पाडली, आणि पुरुषांना विचारलंही नाही. वरचा दगड परत गेला नाही. शेळीला नवा खुंटा मिळाला.

माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. ओढ्यावरचं कुंपण गेलं, तिथं रस्ता झाला. परतूरला आमच्या घरामागं बाभळीत कुंभारकावळा कधी कधी ओरडतो. मी हातातलं काम ठेवून दुसऱ्याची वाट बघते. बहुतेक वेळा येतो.

मागच्या दिवाळीनंतर काकीला भेटायला गेले. तिला आता दिसत नाही. खाटेवर बसलेली, अंग चिमणीएवढं झालेलं. माझा हात चाचपून म्हणाली, "कोन, गयाबाईची सुमी का?" चहा झाला, सगळ्यांची विचारपूस झाली. मग मी सहज म्हटलं, "काकी, मायला अर्ध्याच ओव्या यायच्या, न्हाई का? रांजन आठवतो ना?"

काकी म्हणाली, "कोन म्हन्तं अर्ध्या? तिला समद्या यायच्या."

"आगं, मला सोता म्हनली ती, पुढचं येत न्हाई म्हून."

"येत न्हाई म्हनली का? बराबर आठव."

मी आठवलं. येत नाही असं माय कधीच म्हणाली नव्हती.

"माह्यं पहिलं बाळंतपन झालं तवा सव्वा महिना मी खाटंवर व्हते," काकी सांगू लागली. "बाई, तुह्यी माय, एकटीच दळायची. आतून ऐकायचे मी. आपली ओळ म्हनायची, मंग माह्यी बी म्हनायची, माह्यासारखा घोगरा आवाज काढून. मला खाटंवर करमावं म्हून. मी उठून जात्यावर आले, त्या दिवसापासून माह्या ओळीला तिनं तोंड लावलं न्हाई."

"मंग रांजन?"

"आगं खुळे, ते आवतन व्हतं. बाईच्या तोंडून 'ये' निघत न्हवतं, म्हून रांजन निघाला. मला काय कळलं न्हाई व्हय? मी बी कधीची वाटच बघून राह्यल्ते तिथं, शेळीचा कान धरून."

ती हसली, आणि हसता हसता तिच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी आलं. पन्नास वर्षं मी ही गोष्ट लेकीबाळींना चुकीची सांगत आले होते. मग मी तिचा हात धरून, मायच्या पट्टीत जमेल तसं लावलं. "शेजी मला पुसते गं, तुझं माहेर केवढं..."

काकीनं ओठ हलवले, पण ओळ निघाली नाही. मला वाटलं विसरली. मग म्हणाली, "दम पुरत न्हाई गं आता. तूच म्हन पुढचं. तुला तं येतं."

येत होतं. जन्मभर येत होतं.

"न्हाई," मी म्हटलं. "पुढचं चंद्रीचं."